ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर: निवडायचा कसा आणि त्यावर लक्ष कसं ठेवायचं

हापूसच्या पेट्या, दिवाळीचा फराळ, पैठण्या, गणपतीच्या मूर्ती. मुंबईतल्या मराठी व्यावसायिकांचा बराच धंदा आता वेबसाइटवरून होतो. या सगळ्या धंद्यांची तऱ्हा सारखीच. वर्षभर गिऱ्हाईक तुरळक, आणि मग दोन-तीन आठवडे अशी झुंबड की फोन खाली ठेवायला फुरसत नाही. साइट बसते ती नेमकी त्याच आठवड्यांत. वर्षाची कमाई ज्या दिवसांवर अवलंबून, तेच दिवस हातचे जातात.

अशा छोट्या दुकानांच्या साइट सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठीच आहे. लेखभर एकच धागा धरला आहे: सर्व्हर निवडताना आणि सांभाळताना मोजायची ती ऑर्डर. मशीन चालू असतं, होमपेज उघडतं, आणि तरी तासभर एकही ऑर्डर पडत नाही, असं सहज होतं. उदाहरणासाठी दादरमधून हापूस विकणारं एक दुकान समजू. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला दुकान जोडणारं प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर), पैसे यूपीआय आणि कार्डनं, डिलिव्हरी मुंबई-ठाणे-पुण्यात.

पायरी १: ऑर्डरचा रस्ता कागदावर काढा

खरेदीच्या आधी अर्धा तास यात घालवा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरची लिंक दाबतं तिथपासून पेटीवर पत्ता चिकटतो तिथपर्यंत काय काय लागतं ते लिहा: डोमेन (साइटचं नाव), डीएनएस (त्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), सर्टिफिकेट (सुरक्षित कनेक्शनचा दाखला), वेब सर्व्हर, पीएचपी (पान तयार करणारी भाषा), डेटाबेस, पेमेंट गेटवे (पैसे घेणारी कंपनी), गेटवेकडून परत येणारा वेबहुक (पैसे मिळाल्याचा आपोआप येणारा निरोप), ओटीपीचा एसएमएस, ईमेल, पिनकोड तपासणारी कुरिअरची सेवा. यातलं तुमच्या सर्व्हरवर निम्मंही नसतं. पण कुठलाही एक दुवा तुटला तरी गिऱ्हाइकाच्या लेखी बंद असते ती तुमचीच साइट. हा कागद पुढे पायरी ६ मध्ये लागणार आहे, जपून ठेवा.

पायरी २: गर्दीचा हिशेब

बहुतेक जण इथं अंदाजानं काम भागवतात. हिशेब मात्र सोपा आहे.

समजा सोमवारी सकाळी ९ वाजता बुकिंग उघडणार आणि लिंक दोन हजार गिऱ्हाइकांना जाणार. सगळे पहिल्या दहा मिनिटांत आले आणि प्रत्येकानं पाच पानं उघडली, तर ६०० सेकंदांत १०,००० पानं होतात. म्हणजे सेकंदाला सरासरी १७. गर्दी सरासरीनं येत नाही, पहिल्या एक-दोन मिनिटांत ती तिप्पट असते. म्हणून सेकंदाला ५० पानं धरा.

आता दुसरी बाजू. वूकॉमर्सचं एक पान तयार करायला प्रोसेसरला ३०० मिलिसेकंद लागत असतील, तर एक कोर (प्रोसेसरचा एका वेळी एक काम करणारा भाग) सेकंदाला जेमतेम तीन पानं देतो. ५० पानांसाठी १६-१७ कोर हवेत. एवढा सर्व्हर छोट्या दुकानाला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. आंब्याच्या पेटीचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, ते एकदा तयार करून कॅशमध्ये (तयार पानांच्या साठ्यात) ठेवलं की प्रोसेसरचं काम जवळपास संपतं. उरतात कार्ट आणि चेकआउट. पाचातलं एक पान तसं धरलं तर सेकंदाला १० पानं, म्हणजे तीन-साडेतीन कोर. चार कोरचा सर्व्हर पुरतो.

एक पथ्य मात्र पाळाच: कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं कॅशमध्ये कधीही जाता कामा नयेत. गेली तर एका गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन नंबर दुसऱ्याला दिसतो. कॅशचं प्लगिन बसवल्यावर दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करून हे स्वतः तपासा.

मेमरीचा हिशेबही असाच. पीएचपीची एक प्रोसेस (एका वेळी एक मागणी हाताळणारी प्रत) वूकॉमर्समध्ये सुमारे ८० एमबी खाते असं धरा (तुमचा आकडा ‘टॉप’ कमांडमध्ये दिसेल). ८ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेस आणि सिस्टिमला ३ जीबी राखले तर ५ जीबी उरतात, म्हणजे साठेक प्रोसेस. थोडी जागा सोडून ५० ठेवा. प्रोसेस कोरपेक्षा जास्त लागतात, कारण पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट बघणारी प्रोसेस प्रोसेसर वापरत नसली तरी जागा अडवून बसते. उबंटूवर (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) पीएचपी-एफपीएम (या प्रोसेस चालवणारा प्रोग्रॅम) नुसतं बसवून सोडलं तर ‘मॅक्स चिल्ड्रन’ हा आकडा ५ असतो. म्हणजे आठ जीबीचं भाडं भरायचं आणि एका वेळी पाचच जणांना आत घ्यायचं. सर्व्हर मोठा घेऊनही साइट बसते तिथं मी सर्वात आधी हा आकडा बघतो.

पायरी ३: सर्व्हर कुठे ठेवायचा

गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर सर्व्हर मुंबईत ठेवा. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ पासून आहे, गुगल क्लाउडचा २०१७ पासून. लिनोड आणि व्हल्टर यांचेही सर्व्हर मुंबईत मिळतात, डिजिटलओशनचे बंगळुरूत. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात आणि इकडे पवई-चांदिवलीत डेटा सेंटरांची रांगच उभी आहे.

अंतराचा फरक किती पडतो? मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद लागतात. सुरक्षित कनेक्शन नव्यानं जोडताना पानाचा पहिला बाइट येण्याआधी किमान तीन फेऱ्या होतात: एक कनेक्शनची, एक एन्क्रिप्शनची, एक प्रत्यक्ष मागणीची. झाले ६०० मिलिसेकंद, आणि सर्व्हरनं अजून कामाला हातही लावलेला नाही. मुंबईतल्या सर्व्हरसाठी याच तीन फेऱ्या मोबाइल डेटावरही शंभर-दीडशे मिलिसेकंदांत उरकतात. फोटो आणि होमपेज सीडीएनवरून (ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) जवळून देता येतात, पण चेकआउटला थेट सर्व्हरपर्यंत जावंच लागतं. शिवाय परदेशी सर्व्हर म्हणजे समुद्राखालच्या केबलवर भरवसा. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं होतं.

फराळ परदेशी पाठवणाऱ्यांनीही सर्व्हर मुंबईतच ठेवावा असं मला वाटतं. तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी सीडीएन लावा. ऑर्डर बघणारे, स्टॉक भरणारे, लेबल छापणारे तुम्ही इथं आहात.

ऑफिसातला कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून वापरायचा विचार मात्र सोडून द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरला अशा वेळी डिझेल जनरेटर असतो, तुमच्या गाळ्यात इन्व्हर्टर.

पायरी ४: प्रकार आणि कंपनी

शेअर्ड होस्टिंग (एका मशीनवर अनेकांच्या साइट): महिन्याला शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, माहितीच्या साइटला चालतं. झुंबडीच्या धंद्याला नाही, कारण प्रोसेसर आणि मेमरीवर कंपनीनं घातलेली मर्यादा नेमकी बुकिंगच्या सकाळी आडवी येते.

व्हीपीएस (मशीनचा तुमच्यासाठी राखलेला भाग): आपल्या उदाहरणातल्या दुकानाला हाच योग्य. ठरावीक कोर, ठरावीक मेमरी, ठरावीक बिल. मात्र पॅच (सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या) आणि सुरक्षा तुमच्या गळ्यात. ते बघणारं माणूस नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन मॅनेज्ड सेवा घ्या.

मोठा क्लाउड: तासाच्या हिशेबानं लहान-मोठा करता येतो ही मोठी सोय. पण दोन गोष्टी नीट वाचा. पहिली, स्वस्त सर्व्हर ‘बर्स्टेबल’ असतात. ॲमेझॉनच्या टी३-मीडियममध्ये दोन कोर दिसतात, पण सतत वापरायला प्रत्येकाचा २० टक्केच हक्काचा. त्यापुढे साठवलेले क्रेडिट खर्च होतात, आणि ते संपले की सेटिंगप्रमाणे एक तर वेग पडतो किंवा बिल वाढतं. दुसरी, बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे. ॲमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीमागे आकार. फोनमधून काढलेला ४ एमबीचा पेटीचा फोटो जसाच्या तसा चढवला तर २५ हजार वेळा उघडल्यावर हे १०० जीबी संपतात. तोच फोटो ३०० केबीचा केला तर तीन लाखांहून जास्त वेळा उघडेल.

कंपनीला विचारायचे प्रश्न थोडेच, पण उत्तर लेखी घ्या. रविवारी रात्री अकरा वाजता माणूस फोन उचलतो की नुसतं तिकीट काढावं लागतं? कोर-मेमरी वाढवायला सर्व्हर किती मिनिटं बंद ठेवावा लागतो? बॅकअप त्याच इमारतीत असतो की दुसऱ्या शहरात? आणि अपटाइमची हमी मोडली तर काय मिळतं? ९९.९ टक्क्यांची हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं साइट बंद राहिली तरी शब्द पाळलेलाच असतो. ती मोडली तर मिळते बिलातली थोडी सूट. बुडालेल्या ऑर्डरची भरपाई कोणी देत नाही.

बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक येतो ना, तेही बघा. होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी आहे, इनपुट क्रेडिट का सोडायचं?

वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर एनजिनेक्स, अपाची किंवा लाइटस्पीड, यांतलं तुमच्या माणसाला जे येतं ते घ्या. या आकाराच्या धंद्यात कॅशनं पडणारा फरक सॉफ्टवेअरच्या फरकाहून कितीतरी मोठा असतो.

पायरी ५: सीझनच्या आधी लोड टेस्ट

बुकिंगच्या किमान तीन आठवडे आधी साइटची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर उभी करा, पेमेंट गेटवे टेस्ट मोडमध्ये टाका आणि के६ सारख्या फुकट साधनानं पायरी २ मधली गर्दी तिच्यावर सोडा. होमपेजवर मारा करून काही कळत नाही. स्क्रिप्टनं पेटी कार्टमध्ये टाकावी, पिनकोड भरावा, चेकआउटपर्यंत जावं. हळूहळू वाढवत न्या आणि चेकआउटला तीन सेकंदांहून जास्त लागायला लागतात तो आकडा लिहून ठेवा. तीच तुमची खरी क्षमता. ती हिशेबातल्या गर्दीच्या दीडपट नसेल तर सुधारायला अजून वेळ आहे.

बुकिंगच्या आठवड्यात नवं प्लगिन, नवी थीम, वर्डप्रेसचं मोठं अपडेट, काहीही करू नका. फक्त सुरक्षेचा तातडीचा पॅच याला अपवाद.

पायरी ६: निगराणी, बाहेरून आत

आता पायरी १ चा कागद पुढ्यात घ्या.

सुरुवात बाहेरून. अपटाइम रोबोटसारखी साइटवर बाहेरून नजर ठेवणारी सेवा किंवा स्वतः बसवायचं अपटाइम कुमा घ्या. कुमा बसवाल तर वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर. त्याच सर्व्हरवर ठेवलेला पहारेकरी सर्व्हरबरोबरच पडतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. तपासणी दर मिनिटाला, आणि ‘२०० ओके’ (पान मिळालं असं सांगणारा कोड) एवढ्यावर समाधान मानू नका. कॅशमधलं होमपेज डेटाबेस मेल्यावरही छान उघडतं. म्हणून पेटीच्या पानाचा कॅश टाळून येणारा पत्ता तपासायला द्या आणि त्यात ‘कार्टमध्ये टाका’ हे शब्द सापडलेच पाहिजेत अशी अट घाला.

मग ऑर्डरची शांतता मोजा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा अलार्म हाच, आणि तो फारच थोडे लोक लावतात. डेटाबेसमधून मागच्या महिन्याच्या ऑर्डरच्या वेळा काढा. सकाळी १० ते रात्री १० या वेळात दोन ऑर्डरमधलं सर्वात मोठं अंतर किती होतं? समजा ४० मिनिटं. दीडपट करा, ६० मिनिटं. तासभर एकही ऑर्डर आली नाही की अलार्म वाजलाच पाहिजे. सीझनमध्ये हाच आकडा पाच-सात मिनिटांवर आणा. ओटीपी जात नाही, कुरिअरची पिनकोड सेवा बंद आहे, चेकआउटचं बटण मोबाइलवर खाली लपलं आहे, अशा कशाचाच पत्ता सर्व्हरच्या आलेखांना लागत नाही. हा अलार्म ते सगळं पकडतो.

तिसरं, पैसे आणि ऑर्डर यांचा मेळ. ‘पैसे कट झाले पण ऑर्डर आली नाही’ ही तक्रार आली की विश्वास उडतो, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. यूपीआयवर पैसे दिल्यावर गिऱ्हाईक अनेकदा ब्राउझरकडे फिरकतच नाही, ॲपमधूनच बाहेर पडतं. त्यामुळे ऑर्डर पक्की होते ती गेटवेनं पाठवलेल्या वेबहुकवर. त्या क्षणी सर्व्हर गुदमरलेला असला किंवा सुरक्षेच्या प्लगिननं वेबहुक अडवला, तर पैसे जमा आणि ऑर्डर ‘पेंडिंग’. दर दहा मिनिटांनी गेटवेच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमनं थेट माहिती मागायची सोय) यशस्वी पेमेंटची यादी आणा आणि डेटाबेसमधल्या पक्क्या ऑर्डरशी ताडून बघा. एकाचाही फरक दिसला तर अलर्ट. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी तुमचा फोन त्याला गेला पाहिजे.

सर्वात शेवटी सर्व्हरच्या आत. नेटडेटा किंवा प्रोमिथियस-ग्राफाना ही सर्व्हरचे आकडे दाखवणारी साधनं, दोन्ही चांगली. शंभर आलेख दिसतील, बघायचे थोडेच. डिस्क ८० टक्के भरली की अलर्ट, कारण लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइल) फुगून डिस्क भरली की डेटाबेस लिहिणं थांबवतो. आयनोडही (डिस्कवर किती फाइल मावतील याची मर्यादा) बघा, लाखो छोट्या कॅश फाइल झाल्या की जागा शिल्लक असूनही डिस्क ‘भरलेली’ असते. स्वॅप (मेमरीऐवजी वापरलेली डिस्क) सतत वापरात असेल तर मेमरी कमी पडतेय. ‘टॉप’मधला ‘एसटी’ हा आकडा, म्हणजे स्टील टाइम, सतत ५ ते १० टक्क्यांवर असेल तर त्याच मशीनवरचे शेजारी तुमचा प्रोसेसर खाताहेत. कंपनीला आकडे दाखवून दुसऱ्या मशीनवर हलवायला सांगा. डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (रेंगाळलेल्या मागण्यांची नोंद) एक सेकंदावर लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा वाचा.

पायरी ७: अलर्ट कोणाला, कसा

सगळे अलर्ट एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की चार दिवसांत ग्रुप म्यूट होतो. दोनच थर ठेवा. ऑर्डर थांबल्या, पैसे-ऑर्डरचा मेळ बसला नाही, साइट उघडत नाही: फोन वाजला पाहिजे, रात्रीही. डिस्क ८० टक्के, साइट थोडी सुस्त: टेलिग्रामवर मेसेज, सकाळी बघता येतो. एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची) आणि मंजूर टेम्प्लेट लागतं. टेलिग्राम बॉट पाच मिनिटांत होतो.

दुसरं माणूस ठरवलेलं हवं. सकाळी साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये फोन खिशातून काढायलाही जागा नसते. पहिल्यानं पाच मिनिटांत अलर्ट स्वीकारला नाही तर तो आपोआप दुसऱ्याकडे जावा. दोघांकडेही सर्व्हरचे, डोमेनचे आणि गेटवेचे पासवर्ड असावेत, आणि दोघं एकाच गाडीनं येणारे नसावेत.

पायरी ८: मुदती

डोमेन, सर्टिफिकेट आणि बिल. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येते आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर. हातानं नूतनीकरणाचे दिवस संपले. स्वयंचलित करा आणि १४ दिवस उरले की बाहेरून अलर्ट येईल असं बघा.

बिलाकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांत कार्डवरून आपोआप होणाऱ्या १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक पेमेंटला वेगळी मंजुरी लागते. सर्व्हर मोठा केला, बिल त्या रेषेच्या वर गेलं, मंजुरीचा मेसेज कोणी पाहिला नाही, की ऐन सीझनमध्ये खातं निलंबित. शक्य तिथं सीझनपुरते पैसे आगाऊ भरून ठेवा.

पायरी ९: बॅकअप

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही तिथंच होता त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती काहीच उरलं नाही. सर्व्हर मुंबईत तर बॅकअप हैदराबाद किंवा दिल्लीच्या रीजनमध्ये ठेवा, आणि आठवड्याची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे. डेटाबेसचा बॅकअप सीझनमध्ये दर तासाला. तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या सर्व्हरवर तो उतरवून बघा आणि घड्याळ लावा. साइट उभी राहायला तीन तास लागत असतील तर ते आज कळलेलं बरं.

पायरी १०: साइट बसली तर

पहिलं काम: वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडून बघा. ऑफिसचं नेट गेल्यानंही साइट ‘बंद’ दिसते. मग पानावर दिसणारा एररचा कोड बघा. ५०२ म्हणजे मागचं पीएचपी मेलं. ५०४ म्हणजे जिवंत आहे पण उत्तर वेळेत येत नाही, आधी डेटाबेस तपासा. ५०० म्हणजे कोडमध्ये चूक, काल काय बदललं ते उलटवा. सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी ‘टॉप’चा आणि डिस्कचा स्क्रीनशॉट घ्या आणि लॉगची प्रत बाजूला काढा, नाहीतर कारण कधीच हाती लागत नाही. दहा मिनिटांत साइट उठली नाही तर गिऱ्हाइकांना मेसेज करा. मजकूर आधीच लिहून ठेवलेला असावा, त्यात ‘पैसे कट झाले असतील तर पुन्हा भरू नका’ हे वाक्य हवंच.

लॉग वाचताना वेळेचं भान ठेवा. बहुतेक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात, लॉगमधले ३:३० म्हणजे आपले सकाळचे ९.

कोणी घुसखोरी केल्याचा संशय असेल तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणून लॉग रोज दुसऱ्या ठिकाणी पाठवत राहा. घुसलेला माणूस आधी तेच पुसतो.

सीझन संपल्यावर

जूनमध्ये पाऊस लागला, आंबा संपला, की सर्व्हर पुन्हा लहान करा. आठ जीबीचं भाडं वर्षभर भरायचं कारण नाही. पण याची तयारी मार्चमध्ये, मोठा करतानाच करावी लागते. बहुतेक कंपन्यांकडे डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. तेव्हा फक्त कोर आणि मेमरी वाढवा, डिस्क आहे तेवढीच राहू द्या. लहान केल्यावर ‘मॅक्स चिल्ड्रन’ही नव्या मेमरीच्या हिशेबानं खाली आणा. ५० तसाच राहिला तर दोन जीबीचा सर्व्हर पंधरा-वीस गिऱ्हाइकांनीच कोलमडतो.